चुलीने अडवलेली होडी

वफियाने त्या दिवशी चूल पेटवलीच नाही, आणि हिताफुशी बेटावरचे चाळीसेक पुरुष दोर हातात घेऊन नुसते उभे राहिले.

रीतच तशी. पावसाळ्याने जोर धरला की मोठी होडी सगळ्या गावाने मिळून वाळूवर ओढायची, आणि ओढणाऱ्यांना मालकाच्या घरून भात, टूना माशाचं सार, वर नारळाचं गोड. भाताचा वास आल्याशिवाय दोर ताणायचा नाही. वफियाच्या सासऱ्याच्या वेळी एकदा भात करपला, तर होडी दोन दिवस अर्धी पाण्यात, अर्धी वाळूत बसून होती म्हणे! उपाशीपोटी ओढलेली होडी मासा आणत नाही, हे तिथलं पोरगंही सांगेल.

तर ही वफिया, वय छप्पन्न. नवरा मणिकु होडीचा मालक आणि तांडेलही. तेवीस वर्षं बाईने त्या होडीवर रोट्या भाजल्या. मासेमारीबरोबर होडी पाहुण्यांनाही समुद्रात न्यायची. ते पाठीवर हवेच्या टाक्या बांधून बुड्या मारायचे, वर येऊन खाता खाता खालच्या गमती सांगायचे, आणि हिने नारळ खवत ऐकायचं. पण त्या गमतींतला खरा राजा म्हणजे मोठा पाखट मासा. पंख पसरले तर घरात मावायचा नाही असा. तो येतो भर पावसात, बेटाच्या पूर्वेला पाण्याखालच्या खडकांतल्या खाचेत, पौर्णिमेच्या भरतीला. पाणी तेव्हा ताकासारखं गढूळ होतं, आणि त्या गढुळातच त्याचं खाणं असतं. नेमकी तेव्हाच होडी वाळूवर!

म्हणून गेल्या उन्हाळ्यात वफिया भाचीकडे, लामियाकडे, बुडी मारायला शिकली. लामियाचा धंदाच तो. गाव पोट धरून हसलं. हिने परीक्षा दिली, पास झाली आणि गुपचूप बेत आखला. फुनोस नक्षत्र, म्हणजे आपलं पुनर्वसूच. नक्षत्रं तिकडेही याच ओळीने चालतात. पहिले चार दिवस ते आदळआपट करतं, मग दमतं. पौर्णिमा अकराव्या दिवशी. टाक्या सहा, बुडी मारणाऱ्या दोघी, ती आणि लामिया. सगळं जमलं, फक्त होडी पाण्यात राहायला हवी होती. आणि होडी ओढायच्या त्या दिवशी पौर्णिमेला अजून आठवडा होता.

मणिकु तणतणत घरी आला. मागोमाग दोरावरचा म्हातारा कासिम आणि आणखी दहाबारा जण.

"अगं, माणसं खोळंबलीत. भात कुठाय?"

"डब्यात. तांदूळच आहे अजून."

"वफिया, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. पौर्णिमेला मी पाखट बघायला खाली जाणार. ते झालं की दुप्पट रांधीन. तोवर होडी पाण्यात."

"पावसात कुणी बुडी मारतं का?"

"पाण्याखाली पाऊस पडतो का हो?"

कासिमने दात नसलेलं तोंड उघडलं. "या वयात पाखटाशी लग्न लावतेस की काय, पोरी?"

"विचारून बघते, कासिमदादा. तो निदान जेवायला मागत नाही!"

माणसं खो खो हसली. एकदोघांनी "चला, तसंच ओढू" म्हणून पाहिलं. पण पुढे कोण होणार? हळूहळू अंगण रिकामं झालं.

मग मणिकु उंबऱ्यावर बसला आणि खरं बोलला. "त्या खाचेत ओढ फार आहे. तू खाली असताना मला वर बसून वाट बघायला जमायचं नाही."

"मी तेवीस वर्षं बघितली," वफिया म्हणाली. "जमतं."

पौर्णिमेला होडी निघाली तेव्हा आभाळ काळं होतं, पण वारा दमलेला. सुकाणूवर मणिकुच. दुसऱ्या कुणाच्या हाती होडी द्यायला तो तयार नव्हता. वफिया आणि लामिया टाक्या बांधून पाठमोऱ्या पाण्यात कोसळल्या.

खाली हातभर अंतरापलीकडचं दिसेना. वफिया वाळूवर गुडघे टेकून थांबली. पाच मिनिटं, दहा, वीस. काही नाही. लामियाने अंगठा वर केला: चला वर. वफियाने मान हलवली आणि हवेचं घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर धरलं. अर्धी टाकी शिल्लक होती. लामियाने पुन्हा अंगठा वर केला. वफियाने पुन्हा घड्याळ दाखवलं. भाचीने कपाळाला हात लावला आणि मावशीशेजारी गुडघे टेकले.

मग वरचा उजेडच गेला. ढग आला असेल म्हणून वफियाने मान वर केली, तर ढगाला पांढरं पोट होतं. त्याने तोंड आ वासलेलं, आणि तो अगदी संथ, तिच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेला. मागे दुसरा. तिसरा. सहापर्यंत मोजले आणि मग तिने मोजणं सोडून दिलं.

वर आली तेव्हा पावसाची झड लागली होती. मणिकु चिंब भिजून होडीच्या कडेवर ओणवा झाला होता, ओठ निळे पडलेले. त्याने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"दिसलं?"

वफियाने तोंडातली नळी काढली. "दिसलं."

"मग झालं ना एकदाचं?"

"झालं कुठलं! भरती अजून तीन दिवस आहे. उद्या निघताना तुम्ही कोरडे कपडे घ्या. वाट बघणाऱ्यालाच थंडी जास्त वाजते."