घोटभर दूध

"सिस्टर गुणाची हाय, पण बोलती अशी की जणू कुणाची झोप मोडंल."

पडद्यापलीकडून काकींचा आवाज आला. त्या आमच्या वॉर्डातल्या मावशींशी बोलत होत्या, आणि ती सिस्टर म्हणजे मी. पडद्याच्या अलीकडे मी शेजारच्या पेशंटची कूस बदलत होते. मावशी हसल्या. "आमाला शिकवायला ठेवलीया तिला. पुढच्या रांगेत बसलं तर ऐकू येतंय, मागं बसलं तर नुसती तोंडाची हालचाल."

मला राग आला नाही. मी फक्त उशी नीट केली आणि दोघी तिथून जाईपर्यंत पडद्याआडच थांबले.

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या पुनर्वसन विभागात मी नर्स आहे. अर्धांगवायू झालेली, अपघातात पाठीचा कणा दुखावलेली माणसं आमच्याकडे येतात. जीव वाचलेला असतो. आता कुशीवर वळायला, खुर्चीत बसायला, घास गिळायला नव्याने शिकायचं असतं. हे शिकवणं माझं काम. पेशंटला, त्यांच्या घरच्यांना, आणि नव्या नर्सना व मावशींनाही. काम मला मनापासून आवडतं. त्रास फक्त एवढाच की ते बोलून करावं लागतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही तिघंच, आणि तिघांपैकी कुणी आवाज चढवत नाही. आमच्या गावात मात्र माणसं मायेनंसुद्धा ओरडतात. मी मनात वाक्य जुळवायची, ते इंग्रजीतून मराठीत आणायची, त्यातले जड शब्द काढायची, तोवर समोरचा माणूस "बरं बरं" म्हणून निघून गेलेला असायचा. वर्गात मावशी माना डोलवत, वही बंद करत, आणि वॉर्डात जाऊन त्यांच्या सवयीनेच करत.

काकी म्हणजे आबांची बायको. आबा आमचे पेशंट, सगळा वॉर्ड त्यांना आबाच म्हणायचा. पंचगंगेकडच्या एका गल्लीत त्यांचा म्हशींचा गोठा. रोज संध्याकाळी म्हशी घेऊन ते जुन्या गावातल्या दूध कट्ट्यावर उभे राहायचे. गिऱ्हाईक समोर उभं, म्हैस तिथंच, धार थेट पेल्यात. फेसाळलेलं, कोमट दूध, उभ्या उभ्या प्यायचं आणि ओठ पुसत घरी जायचं. असं निम्म्या गावाला दूध पाजलेला हा माणूस. आणि अर्धांगवायूनंतर त्यालाच पातळ काही गिळता येत नव्हतं.

घशाची तपासणी झाली होती. मऊ, घट्टसर घास उतरत होता. पातळ पदार्थ मात्र श्वासनलिकेत शिरत होते. त्यातूनच एकदा छातीत संसर्ग होऊन ते अतिदक्षता विभागात जाऊन आले होते. तिथं नाकातून नळी घातली होती. ती उपसू नये म्हणून त्यांचा चांगला हात पलंगाला बांधून ठेवावा लागला. आबांचं बोलणं तेव्हा जवळजवळ कळत नसे, पण आमच्याकडे आल्यावर ते एक वाक्य पुनःपुन्हा म्हणायचे, ते मला हळूहळू समजलं. "दावणीला बांधलं मला." नळी निघाली तेव्हा डॉक्टरांनी काकींना स्पष्ट सांगितलं होतं, की छाती पुन्हा भरली तर नळी परत घालावी लागेल, आणि मग ती कधी निघेल ते सांगता येणार नाही.

म्हणून आम्ही आबांना पाणीसुद्धा पावडर मिसळून, घट्ट करून चमच्याने द्यायचो. आबा तोंड फिरवायचे. काकी ते भांडं वाकडं करून बघायच्या. "ही खळ हाय. कापडाला लावायची. ही माणसाला घालत्यात व्हय?"

मी त्यांना समजावलं होतं. पाणी नको, चहा नको, सरबत नको. त्यांनी मान डोलवली होती.

त्यानंतर एका संध्याकाळी मी आबांचा बीपी बघायला गेले तर त्यांच्या मिशीला फेस लागलेला. शेजारच्या स्टुलावर झाकणाची किटली. काकी पदराने आबांचं तोंड पुसत होत्या, चेहऱ्यावर समाधान. आबांनी मला बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि त्यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा गुळगुळ आला. मग खोकला सुरू झाला.

"काकी, काय दिलंत?" मी म्हणाले.

"काय न्हाय. दूध."

"मी सांगितलं होतं ना..."

"पाणी न्हाय दिलं, च्या न्हाय दिला. तू सांगितलंस तसंच केलंय की. दूध हाय ह्ये. आमच्या म्हशीचं. आताच धार काढून आणलीया, अजून गरम हाय." आणि मग जरा हळू, "घोटभरच दिलं पोरी. अंगात ताकद नको?"

आधीच कळायला हवं होतं ते मला तिथं कळलं. पाणी आणि चहा यांच्या रांगेत दूध कधी बसतच नव्हतं काकींच्या मनात. ती पिण्याची गोष्ट नव्हती, ताकद होती. आजारी माणसाला पाणी बंद करता येतं. दूध बंद करायचं म्हणजे त्याला सोडून दिल्यासारखं. त्यांच्या जागी कट्ट्यावरचं कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

रात्री आबांना ताप आला. पुढचे काही दिवस डॉक्टर रोज येऊन छाती तपासत. काकी पलंगाच्या पायथ्याशी बसून राहायच्या. किटली घरी ठेवून आल्या होत्या, आणि त्यांना हातात काय धरावं ते कळत नसल्यासारखं त्या चादरीचा काठ धरून असायच्या. मला कुणी काही बोललं नाही. मावशींनी मात्र एकदा जाता जाता माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "उतरंल ताप. रेडा हाय त्यो."

उतरला. नळी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, या वेळी थोडक्यात निभावलं.

त्याच दिवशी दुपारी मी काकींच्या समोर स्टूल ओढून बसले. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, घसा, श्वासनलिका, अन्ननलिका. कागदावर चित्रही काढलं. काकींनी ते चित्र हातात घेतलं, दूर धरून बघितलं आणि कागद मला परत दिला.

"दूध न्हाय, च्या न्हाय, पाणी न्हाय," त्या म्हणाल्या. आवाज सगळ्या वॉर्डभर. "मग काय खरवस चारू व्हय ह्यास्नी?"

टोमणाच होता तो. पलीकडच्या पलंगावरचा माणूस हसला. एरवी मी खाली बघितलं असतं. पण खरवस माझ्या डोळ्यासमोर आला. आई पातेल्यातून वडी उचलते आणि ती न मोडता, न गळता चमच्यावर थरथरत राहते. मऊ. एकसंध. मुख्य म्हणजे दुधाचाच.

"हो," मी म्हणाले.

"काय हो?"

"खरवस. चालेल. गिळायचं शिकवणाऱ्या मॅडमना विचारते, पण मला वाटतं चालेल."

काकी पुढं वाकल्या. "चेष्टा करतीस?"

"नाही."

"म्हैस कालच व्यालीया," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच माझ्याएवढा लहान झाला.

मॅडमनी होकार दिला, अट एवढीच की वेलदोड्याची भरड नको आणि पहिला घास त्यांच्यासमोर. काकी पातेलीभर घेऊन आल्या. आम्ही आबांना ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या. मी अर्धा चमचा भरला. "मान खाली, आबा. हनुवटी छातीकडे. आता गिळा. परत एकदा गिळा." मग "आ म्हणा," आणि आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला. कोरडा, स्वच्छ आ. आबांच्या चांगल्या हाताने चादरीवर दोनदा थाप मारली.

"अजून," ते म्हणाले. एवढं स्पष्ट मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसरा घास काकींनी भरवला. मी त्यांचं बोट आबांच्या गळ्यावर ठेवलं, घाटी वर जाऊन खाली येते ती जाणवावी म्हणून. ती येईपर्यंत पुढचा चमचा नाही. काकी डोळे मिटून थांबल्या, जणू लांबच्या गोठ्यातलं काही ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "रेडकाला मान वर, ह्यास्नी मान खाली. उलटंच हाय की समदं." मला हसू आलं. मी मोठ्याने हसले, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर काकींनी वॉर्ड ताब्यात घेतला. आबांना बघायला येणारे पाहुणे काही ना काही घेऊन यायचे, नारळपाणी, ताक, पन्हं. काकी दारातच थांबवायच्या. "पावणं, त्ये तुमीच पिऊन टाका. आन् आत बसायचं तर बसा, पर ह्यांच्या तोंडाला काय लावायचं न्हाय." शेजारच्या पेशंटची सून सासऱ्याला आडव्यानेच चहा पाजत होती, तिला त्यांनी असं काही झापलं की ती बिचारी कप घेऊन माझ्याकडेच आली, कसं पाजायचं ते विचारायला. शब्द सगळे माझेच होते, ताठ बसवा, मान खाली, थांबा, आवाज ऐका. फक्त आता ते मागच्या रांगेपर्यंत जात होते.

मग मी एक केलं. मावशी आणि नव्या नर्सच्या पुढच्या वर्गाला काकींना बोलावलं. त्यांनी पातेलं आणलं. मी बाजूला उभी राहिले आणि सांगत गेले; काकी करून दाखवत गेल्या. मग सगळ्यांना जोड्या करून एकमेकांना भरवायला लावलं, एकदा मान मागे टाकून, एकदा खाली घेऊन. ठसके लागले, शिव्या दिल्या गेल्या, हसून डोळ्यांतून पाणी आलं. वॉर्डातल्या मावशी ठसका आवरत म्हणाल्या, "आता कळलं गं बाई. इतके दिवस नुसतंच व्हय व्हय म्हणत हुतो." त्या दिवशी वही कुणी उघडलीच नाही, आणि नंतर वॉर्डात कुणाला आडवं पाजताना मी मावशींना बघितलं नाही.

आजही मी कमीच बोलते. पण आता बोलण्याआधी समोरच्याच्या घरात काय शिजतं ते विचारते, आणि शिकवणं तिथून सुरू करते. हे मला कुठल्या पुस्तकाने दिलं नाही. माझ्यावर चिडलेल्या एका बाईने टोमणा मारला, त्यातून ते मिळालं. याबद्दल काकींचे आभार मानायचे राहूनच गेले. आबा घरी गेले त्या दिवशी मी दुसऱ्या वॉर्डात होते, किंवा तिथं जाऊन उभी राहिले होते म्हटलं तरी चालेल. निरोपाच्या वेळी काय बोलावं हे मला सुचत नाही.

काही महिने गेले. तपासणीला आले तेव्हा आबांना पातळ पदार्थांची परवानगी मिळाली होती, लहान घोट, आणि प्रत्येक घोटाला मान खालीच. एका संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर मी घरची, बावड्याची बस न पकडता जुन्या गावाकडची पकडली आणि दूध कट्ट्यापाशी उतरले. कोल्हापुरात वाढले असून कट्ट्यावर उभी राहून मी कधी दूध प्याले नव्हते. त्या गर्दीत मागायचं कसं, हाच प्रश्न असायचा. वाटेत मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. काकी, तुमच्यामुळे मला शिकवता येतं. मग वाटलं, फार पुस्तकी आहे. काकी, तुमचे उपकार. ते त्याहून वाईट.

आबा म्हशीच्या शेजारी खुर्चीत बसले होते, मिशा नीट कातरलेल्या. पुतण्या धार काढत होता. काकींनी मला लांबूनच बघितलं. "आली गं माझी मास्तरीण," असं त्या ओरडल्या आणि आजूबाजूची सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या हातात फेसाचा पेला आला. गरम होता, हाताला म्हशीच्या अंगाएवढा गरम. आबांच्या हातातही काकींनी अर्धा पेला दिला. घराबाहेर, कट्ट्यावर, आजारानंतर पहिल्यांदाच.

"आबा पितोय रं," कुणीतरी म्हणालं. त्यांच्याच वयाचा एक गडी पुढं आला आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "बायकांगत घोट घोट काय घेतोस? वर बघून हाण की एका दमात, पहिल्यागत."

आबा हसले. त्यांनी पेला ओठाला लावला आणि गमतीच्या भरात मान मागे जायला लागली. काकी पाठमोऱ्या होत्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पेला विसळत.

माझ्या मनात आभाराचं ते वाक्य अजून अर्धवटच होतं. बाहेर पडलं ते दुसरंच, इतक्या मोठ्याने की कट्टा गप्प झाला आणि म्हशीनेसुद्धा कान फिरवले.

"आबा, मान खाली!"