मना शे

पुण्यात बाबा मला गाडीत बसवायला आले, तेव्हा माझ्या पर्समध्ये त्यांच्याच हातचं एक पत्र होतं. ‘माझी मुलगी कामानिमित्त दहा दिवस जळगाव व धुळे जिल्ह्यांत फिरणार असून त्यास माझी संमती आहे.’ खाली लफ्फेदार सही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी एम.कॉम. झाले होते आणि बाजारपेठेची पाहणी करणाऱ्या एका लहानशा कंपनीत नोकरीला होते. लग्न न झालेल्या मुलीला दौऱ्यावर पाठवायचं तर वडिलांचं पत्र हवंच, असा आमच्या साहेबांचा नियम होता. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. पत्र मिळालं याचाच आनंद होता.

सामानात कपड्यांची बॅग, कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणि खोक्यात बांधलेला एक मिक्सर. एका कारखान्याला जाणून घ्यायचं होतं, की खान्देशातल्या बायका मिक्सर आपलासा करतील का, आणि कुठल्या कारणानं करणार नाहीत. फॉर्मवरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता, ‘मिक्सर घ्यावा की नाही, हा निर्णय घरात कुणाचा?’ त्याखाली चौकोन: पतीचा, सासू-सासऱ्यांचा, दोघांचा, स्वतःचा. आणि शेवटी साहेबांनी मुद्दाम घातलेला पाचवा चौकोन, ‘मनाई’. काही घरांत विजेच्या वस्तूला हात लावायला बायकांना बंदी असते, असं त्यांनी कुठेसं ऐकलं होतं. ज्या गावात हा पाचवा चौकोन निम्म्याहून जास्त भरेल, ते गाव यादीतून बाद. उरलेल्या गावांत कारखाना काही घरांना सहा महिने मिक्सर फुकट वापरायला देणार होता.

जळगावला सकाळी उतरले तर थंडी चांगलीच बोचत होती. मेहरूण भागात एका ओळखीच्या बाईंकडे उतरायची सोय होती. पहिल्याच जेवणात भरीत पुढे आलं. हिरवी लांबट वांगी काट्यांवर भाजलेली, बडग्यानं ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. आमच्याकडे मी इतकी वर्षं जे खात आले त्याला भरीत म्हणायची मला लाज वाटली. दोन दिवस मेहरूण तलावाच्या बाजूच्या वसाहतींत फिरले. बायका शिकलेल्या, बोलक्या. काही मास्तरणी होत्या. मिक्सर सगळ्यांना हवा होता. निर्णय कुणाचा म्हटलं की मात्र उत्तर ठरलेलं, “अय्या, ह्यांना विचारून सांगते.” मी ‘पतीचा’ या चौकोनात खुणा करत गेले. त्याचंही मला नवल वाटलं नाही.

अमळनेरच्या एसटीत कंडक्टरशी गप्पा झाल्या. खोक्याकडे बघून त्यांनी विचारलं, “ताई, काय शे त्यामा?” मी गोंधळलेली पाहून हसले आणि म्हणाले, “शे म्हणजे आहे. एवढं कळलं तरी तुमचं काम भागी जाई.” मी डायरीत लिहून घेतलं: शे म्हणजे आहे, बठ्ठा म्हणजे सगळा. दोन शब्द शिकले आणि मला वाटलं, आपल्याला अहिराणी येते. बाहेर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते.

अमळनेरपासून पाऊण तासावरच्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे सरपंचांनी मला सिंधूअक्कांच्या घरी नेऊन सोडलं. अक्का चाळिशीच्या, उंच, कपाळावर भलंमोठं कुंकू. गल्लीत कुणाकडेही कार्य निघालं की वाटण-घाटण त्यांच्याकडे. पण दोन वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडून उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. ते मनगट माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, “मना हात आते काम नही करस.” मी समजले, डॉक्टरांनी हात वापरायला मना केलंय. तसंच डायरीत टिपलं.

वीज दुपारी आली. तोवर ओसरीवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मी भिजवलेली तुरीची डाळ मिक्सरच्या भांड्यात घातली आणि ऐटीत बटण दाबलं. झाकण नीट बसवायला विसरले होते. हिरव्या मिरच्यांसकट डाळ माझ्या पदरावर, भिंतीवर आणि अक्कांच्या यजमानांच्या टोपीवर उडाली. यजमानांना सगळे नाना म्हणत. ते कोपऱ्यात कापूस निवडत बसले होते. त्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि अवाक्षर न बोलता कापूस निवडू लागले. मला धडकी भरली. दुसऱ्या खेपेला डाळ नीट वाटली गेली. अक्कांनी ती बोटावर घेऊन चाखली, आणि तिथल्या तिथे तिचे फुणके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके) करून कढीबरोबर सगळ्यांना खायला घातले. “दोन वरीसथून मी मनी डाळ वाटेल नही,” असं काहीसं त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून चुलीत फुंकर मारू लागल्या. हा मिक्सर या बाईला मिळायलाच हवा, असं मला फार वाटलं.

मग फॉर्म भरायला घेतले. पहिल्याच त्या. “अक्का, मिक्सर घ्यायचा की नाही, निर्णय कुणाचा?”

“मना शे,” अक्का ताडकन म्हणाल्या.

माझा पेन थांबला. शे म्हणजे आहे. मना आहे! फुणक्यांचा घास अजून माझ्या हातात होता. मी कोपऱ्यातल्या नानांकडे पाहिलं. ते खाली मान घालून कापूस निवडत होते. आता मला त्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. मी पुढच्या बाईकडे वळले. “मना शे.” तिच्या पुढची, “मनाच शे.” एकीनं तर छातीवर हात आपटून सांगितलं, “मना!” तिचा नवरा दारातच उभा होता, तरी ती बिचकली नाही. मला तर भरून आलं. केवढी ही घुसमट, आणि किती उघडपणे सांगतायत! गल्लीतल्या बहुतेक सगळ्या फॉर्मांवर मी पाचव्या चौकोनात खूण केली. निघताना अक्कांनी विचारलं, “मंग ई ना मिक्सर?” (‘मग येईल ना मिक्सर?’) मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. बघू, एवढंच म्हणाले.

अमळनेरहून मी भरलेले फॉर्म रजिस्टर पोस्टानं पुण्याला पाठवले. सोबत साहेबांना चिठ्ठी लिहिली, की या भागातली स्थिती पाहून मी हादरून गेले आहे. चिठ्ठी चांगली पानभर झाली. लिहिताना मी स्वतःवर खूश होते, हे कबूल करते.

धुळ्यात चार दिवस शहरातल्याच पेठांमधून काम केलं. तिथे बोलणं नेहमीचं मराठी, उत्तरं जळगावसारखीच, ‘ह्यांचा’. शेवटच्या दिवशी पुण्याच्या बससाठी स्टँडवर बसले होते. शेजारच्या बाकावर दोन बायका एका पितळी डब्यावरून भांडत होत्या. दोघींकडे सारखेच डबे असावेत आणि एक कुठेतरी राहिला असावा.

“हाऊ डबा मना शे!”

“तुना नही, मना शे!”

मी आधी कौतुकानं ऐकत होते. मग वाटलं, डबा मना आहे म्हणजे काय? डब्याला कसली मनाई? तेवढ्यात नियंत्रकाच्या खिडकीतून एक गृहस्थ डोकावले आणि ओरडले, “अरे, कोना डबा शे हाऊ?” आणि दोघी एकदम छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “मना!”

कोना, कुणाचा. तुना, तुझा. मना...

 शेजारी बसलेल्या आजोबांना मी विचारलं, “मना म्हणजे काय हो?” माझा आवाज इतका चमत्कारिक आला असावा, की त्यांनी आधी मला पाणी देऊ केलं. मग म्हणाले, “मना म्हणजे माझा, बाई. दुसरं काय?”

मना हात, म्हणजे माझा हात. मना निर्णय, म्हणजे माझा निर्णय. गावातल्या त्या बायांनी एकामागून एक मला ठणकावून सांगितलं होतं, की ठरवते ती मी. आणि मी त्या सगळ्यांना स्वतःच्या हातानं बंदीवान करून रजिस्टर पोस्टानं पुण्याला धाडलं होतं. बस आली आणि माझ्यासमोरून निघूनही गेली. मी तिच्यात चढले नाही.

स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला. म्हणाले, “तुझ्या फॉर्मांचे तक्ते झाले. ते अमळनेरकडचं गाव बाद केलं. चिठ्ठी छान लिहिलीस.” मी घडलं ते सांगितलं.  “परवा, गुरुवारी दुपारी यादी कारखान्याला जाणार,” ते म्हणाले. “नवे फॉर्म त्याआधी माझ्या टेबलावर आले तर बघेन. तुझ्या तोंडी सांगण्यावर बदलणार नाही. आणि वडिलांना विचार. पत्रातले दिवस आज संपतात.”

घरी फोन नव्हता. शेजारच्या काकूंनी बाबांना बोलावून आणलं. बाबांनी सगळं ऐकलंही नाही. “आजच्या आज निघायचं. पुन्हा त्या खेड्यात एकटीनं जायचं नाही. मना आहे तुला, समजलं?”

मी समजलं म्हणाले आणि फोन ठेवला. स्टँडवर परतले, तर पुढच्याच फलाटावर अमळनेरची गाडी लागली होती. खोकं उचललं आणि तीत चढले.  आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता कुठे निघाले होते.

अक्का अंगण सारवत होत्या, डाव्या हातानं. मला पाहून उभ्या राहिल्या. “लयना का मिक्सर?” (‘आणला का मिक्सर?’)

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात मना, मी लिहिलं मनाई. तुमचं गाव यादीतून गेलं.

“मनाई? माले?” अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. “कोन करी?”

कोपऱ्यात नाना त्या दिवशीसारखेच कापूस निवडत होते. या वेळी ते बोलले. “पोरी, मीच हिले इचारीसन पानी पेस,” (‘मीच हिला विचारून पाणी पितो’) म्हणाले, आणि खांदे हलवत बिनआवाजाचं हसू लागले. तो माणूस त्या दिवशी धाकात ठेवत नव्हता, टोपीवरची डाळ सोसत होता.

अक्का मात्र हसल्या नाहीत. “इतल्या बाया,” त्या म्हणाल्या, “आनि बठ्ठासले मनाई? तुमले खरं वाटनं?” (‘इतक्या बायका, आणि सगळ्यांना मनाई? तुम्हाला खरं वाटलं?’)

मला खरं वाटलं होतं. एकदाही परत विचारावंसं वाटलं नव्हतं. पर्समध्ये बाबांचं पत्र घेऊन फिरणाऱ्या मला दुसरं काही सुचणार तरी कसं? हे मी अक्कांना सांगितलं, पत्रही वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “यामा तुमनी सही कोठे शे?”

माझी सही त्यात नव्हती.

पत्र परत देताना अक्कांचा चेहरा जरा निवळला. त्यांनी गल्लीत हाक दिली. बायका आल्या, किस्सा ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या, आणि फॉर्म पुन्हा भरायला बसल्या. अक्का माझ्या शेजारी ठाण मांडून बसल्या. प्रत्येक खूण त्या स्वतः बघत होत्या. “आते सही आमीच करसूत,” त्यांनी बजावलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे उमटवले. अक्कांनी डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढत सही केली. त्याला खूप वेळ लागला.

गुरुवारी सकाळी पुण्यात उतरले ती तडक ऑफिसला गेले. साहेबांनी फॉर्म चाळले. अंगठे आणि सह्या बघून भुवया उंचावल्या, कारण आमच्या फॉर्मवर सहीची जागाच नव्हती. मग यादी पुढे ओढून, गावाच्या नावावरची रेघ त्यांनी खोडरबरानं पुसली. खाली मिक्सर द्यायच्या घरांची नावं लिहिली, त्यांत पहिलं घर अक्कांचं होतं. त्यांच्या घरी मिक्सर जाणार हे मी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे खुर्चीत बसले.

घरी पोचले तेव्हा बाबा व्हरांड्यात उभे होते. मी मिक्सरचं खोकं खाली ठेवलं. ते ओरडले नाहीत, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

“दोन दिवस जास्त राहिलीस,” ते म्हणाले. “मला न विचारता. कुणाचा निर्णय हा?”

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “मना.”

“हो, मनाच केलं होतं मी!” बाबा म्हणाले. “मग का गेलीस?”

मी पर्समधून त्यांचं पत्र काढून त्यांच्या हातात परत दिलं. मग त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला.