नवऱ्याच्या मोटारी आणि माझा जळफळाट

रविवारची दुपार होती. रत्नागिरीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी केरसुणी हातात घेतली, तर खिडकीजवळून यांचा हुकूम आला... "आत्ता झाडू नको गं, रंग ओला आहे!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं नुकतंच लग्न झालेलं. मी पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत, भरल्या शेजारात वाढलेली... इथे ओळखीचं कुणी नाही. हे सकाळी मिरजोळ्याला कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी आले की चहा घेऊन थेट खिडकीतल्या टेबलाशी.

टेबलावर काय? तर बोटाएवढ्या, धातूच्या खेळण्यातल्या मोटारी! मोठे दीर बोटीवर नोकरीला होते, ते परदेशातून आणायचे. हे गाडीचे भाग जोडणारं खालचं रिव्हेट ड्रिलने उडवून ती सुटी करायचे, मूळ रंग खरवडून नवा द्यायचे, एकीची चाकं दुसरीला बसवायचे. तयार झाली की आंब्याच्या पेटीत झाकून ठेवायचे... धूळ लागेल ना!

शेजारच्या काकू विचारायच्या, "काय गो, घरात असून तुझा घो दिसत कसा नाय?"

"सवतीपाशी बसलेत," मी म्हणायचे. हसून म्हणायचे, पण आतून जळायचे. रंगात अडकलेलं एवढंसं कुसळ यांना दिसायचं... मी नाकातली चमकी बदलली, ती आठवडाभर दिसली नाही. गाडी सुटी होताना तर तिच्याशी बोलायचे, "आली, आली, शहाणी गं ती..." माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते हो!

मग दीर सुट्टीवर यायचे ठरले. त्यांच्यासाठी हे एक लाल गाडी करत होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक पांढरी रेघ हवी होती. दिवसभर मशीनवर काम करून यांचा हात थरथरायचा. रेघ मारायची, वाकडी यायची, थिनरने पुसायची... शेवटी खालचा लाल रंगही निघाला. यांनी ब्रश टाकला आणि डोकं धरून बसले.

खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. सवतीची जिरली! मग यांचा चेहरा पाहिला...

"लाल रंग परत देऊन वाळू द्या," मी म्हटलं. "रेघ मी मारते."

"तू?"

केळशीला माझ्या मामाची गणपतीची शाळा होती. मूर्ती रंगवायच्या दिवसांत मी तिथे जायचे, सोवळ्याचे सोनेरी काठ माझ्याकडेच असायचे. यांनी कधी विचारलंच नव्हतं.

रंग वाळल्यावर मी करंगळी टेकवली, श्वास धरला आणि एका दमात रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूची.

दीर आले. गाडी उजेडात धरून यांना म्हणाले, "ही रेघ कुणाची रे? तुझ्याच्यान व्हायचं नाय हे."

यांनी माझ्याकडे बोट केलं, "हिची."

दिरांनी नव्या गाड्यांची पिशवी सरळ माझ्या हातात दिली. आणि हे चक्क रुसले! मी टेबलाशी बसले की हे पेपर उघडून बसायचे, पान मात्र उलटायचे नाहीत. "चहा मिळेल का आज, की गाडीच वाळायची आहे अजून?" मला तो टोमणा इतका गोड लागायचा म्हणून सांगू...

थोडे दिवस ते सुख मनसोक्त भोगलं. मग एका संध्याकाळी म्हटलं, "मला ते रिव्हेट उडवता येत नाही. शिकवता?"

पेपर बाजूला पडला. ड्रिल माझ्या हातात देता देता यांनी विचारलं, "पोफळीला दिवसभर काय करायचीस गं तू?" मी सांगत सुटले... आणि हे ऐकत राहिले. स्टोव्हवरचा भात करपला, तो दोघांनी तसाच खाल्ला.

जळू नये म्हणतात. मी म्हणते, जळावं थोडंसं... पण लांब उभं राहून नाही, खुर्ची ओढून शेजारी बसून.