अंदमानची बिनलेबल फांदी

मी बॉटनी शिकवते. झाडांवर भुतं नसतात, वटवाघळं असतात, असं वर्गात सांगणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा तुळिंजला राहायचे. माझे कॉलेजचे सर वारले आणि त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना आंटी म्हणायचो, मला गिरीजला त्यांच्या घरी बोलावून घेतलं. सरांनी तरुणपणी अंदमानच्या बेटांवरून वाळवून आणलेले नमुने कॉलेजला द्यायचे होते. सगळे एकाच कुळातले — कण्हेर, चाफा, सदाफुली यांची भावंडं. तोडलं की पांढरा चीक येणारी. प्रत्येक कागदावर सरांच्या बारीक अक्षरात बेटाचं नाव, तारीख. फक्त एका फांदीला काहीच नाही.

"ही टाकावी लागेल, आंटी. कुठली ते कळल्याशिवाय उपयोग नाही."

त्यांनी तो कागद जवळ ओढला. मग म्हणाल्या, "आमची मुलगी आठ दिवसांची होऊन गेली, तेव्हा हे तिकडेच होते. तार मिळाली, पण बोट नव्हती. महिन्याने आले. तिच्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही."

दुपारची जेवणं झाली. केळीच्या वाडीतून गार वारा येत होता. कागद पसरलेल्या ओटीवरच आम्ही दोघी आडव्या झालो.

मला समुद्र दिसला. फिकट हिरवा, आवाज नसलेला. सर पाठमोरे बसलेले, अगदी तरुण. एका पायात चप्पल, दुसरी हातात घट्ट धरलेली. खांदे हलत होते. वरून पांढरी फुलं पडत होती, फार सावकाश...

जागी झाले तर आंटी उठून बसल्या होत्या.

"रडत होते गं," त्या म्हणाल्या. "एक चप्पल हातात धरून."

मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

आमच्या मध्ये ती फांदी होती. तीस वर्षं वाळलेली, हात लावला तर मोडेल अशी. तिच्या कापलेल्या टोकाला चीक आला होता — ओला. मी बोट लावून पाहिलं. चिकटलं.

वाळलेल्या फांदीला चीक येत नाही. गोंद विरघळला म्हणावं, तर ती कागदावर दोऱ्याने टाचलेली होती. आणि दोघींना एकच स्वप्न?

संध्याकाळी आंटी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या. बस दिसली तेव्हा आपणहून म्हणाल्या, "रोझलिन. मुलगी झाली तर हेच नाव ठेव, असं अंदमानला जाताना सांगून गेले होते."