मामीचं बिल आणि ओल्या चादरी

बिल दारात आलं की आमची मामी पैसे घेऊन निघालीच. त्याच दिवशी भरलं नाही, तर तिला घास गिळवत नाही. लाँड्री तिची, चादरी दवाखान्यांच्या, आणि दवाखाने पैसे देणार दोन महिन्यांनी. तरी विजेच्या बिलाच्या रांगेत मामी पहिली. मग साबणवाला आला किंवा पगाराचा दिवस उजाडला, की तिची तारांबळ बघावी.

यंदा बिल आलं आणि नेमकं धुलाईचं मोठं मशीनच बंद पडलं. दुरुस्तीवाला रोख घेतल्याशिवाय हात लावेना. शुक्रवारपर्यंत ते सुरू झालं नसतं, तर सगळ्यात मोठ्या दवाखान्याचं काम गेलंच असतं. गल्ल्यात जेमतेम एकाच गोष्टीपुरते पैसे होते, मशीन नाहीतर वीज.

मी तिच्या फोनवर बिल भरणारी एक सेवा सुरू करून दिली.

"मामी, बिल ते लोक भरतील. आपण त्यांना हप्त्याहप्त्याने द्यायचं. वर थोडं शुल्क घेतात."

"म्हणजे उधारीच की. वीजवाले काय म्हणतील?"

मी पुन्हा पुन्हा समजावलं. तिने मान डोलावली. मामी मुकाट्याने मान डोलावते, तेव्हा तिला काडीचंही पटलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी गायब आणि गल्ला रिकामा. मी कपाळावर हात मारला आणि वीज कार्यालय गाठलं. बाईसाहेब खिडकीपाशीच होत्या. आतला कारकून नोटा परत सरकवत होता.

"अहो बाई, तुमचं बिल कालच भरलंय. काही बाकी नाही."

"आमच्या नावावर काहीच नाही?"

"काहीच नाही."

मामीचे डोळे भरून आले. मामाच्या शेवटच्या आजारपणात एक बिल राहून गेलं होतं. वीज तोडली, ओल्या चादरी मशीनमध्येच कुजल्या, आणि तो वास मामाच्या खाटेपर्यंत येत राहिला. मामी हे कधी बोलत नाही. मी भांडायला आले होते, पण तिला जवळ घेतलं.

तिथून आम्ही तडक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. संध्याकाळी मशीन फिरायला लागलं.

"पहिला हप्ता आजच घेतील का गं?" मामीने विचारलं.

"नाही घेत."

तिने फिरत्या मशीनवरून हात फिरवला.

"तेव्हा असं काही असतं, तर तुझा मामा शांत झोपला असता," ती म्हणाली, आणि गरम चादरींच्या घड्या घालायला बसली.