चार हातांचं फाटक

आमचा वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. सातवीला बीजगणित शिकवायला पुण्याकडचे नवे गुरुजी आले. बिचारे छडी वापरत नसत. आधीच्या गुरुजींनी आमचे तळहात सोलून काढले होते, त्यामुळे हे गुरुजी टिकावेत असं सगळ्या वर्गाला मनापासून वाटे. पण त्यांची नोकरी कच्ची होती. तपासणीला येणारे डिप्टीसाहेब खूश झाले, तरच ती कायम होणार होती.

गुरुजींनी पहिलंच उदाहरण घातलं. आयताकृती शेताची लांबी रुंदीपेक्षा चाळीस हात जास्त, परिमिती चारशे हात, तर लांबी-रुंदी किती? वर म्हणाले, "परिमिती म्हणजे शेताचं कुंपण समजा." तिथेच फसले. रुंदी क्ष, लांबी क्ष अधिक चाळीस, दोन्हींच्या बेरजेची दुप्पट, इथपर्यंत आम्ही शहाण्यासारखे आलो. पुढे सगळ्या वर्गाने त्यातून चार वजा केले आणि मग बरोबर चारशे लिहिलं. रुंदी एक्याऐंशी, लांबी एकशे एकवीस.

"हे चार कुठून आले?" गुरुजींनी विचारलं.

मी उठले. "फाटक हाये ना, गुरुजी! चारी बाजूनं काटे लावले त बंडी कुठून जाईन?"

बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालताना बैलबंडीपुरती चार हात वाट सोडतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"गणितात बैल नसतात!" गुरुजी ओरडले.

"मंग वावर वखरते कोन?" मागच्या रांगेतून आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेत सोडून तळं घेतलं, तर ढोरं पानी प्याले कुठून जातीन, यावरच तास संपला. मला आजही आमचंच खरं वाटतं. फाटक नसलेलं शेत घेऊन करायचं काय?

तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी अक्षरशः हात जोडले. "उद्या फाटक नको रे बाबांनो. बैलांना सुट्टी." आम्ही गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

डिप्टीसाहेब आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गुरुजी, एक उदाहरण तुम्हीच सोडवा. तुमची पद्धत पाहू." गुरुजींनी नेहमीचंच शेत घेतलं, समीकरण मांडलं, आणि घाबरून शेवटी वजा चार लिहून टाकलं.

"गुरुजी, फाटक नाई!" अख्खा वर्ग किंचाळला.

"कसलं फाटक?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींचं सगळं शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळालं. "साहेब," ते पुटपुटले, "बंडी कुठून जाईन?"

गेले आपले गुरुजी, आले आपले छडीवाले!

साहेब निघाले आर्वीकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. फळ्याकडे बघत म्हणाले, "बरोबर हाये. पन कापसाची भरली बंडी चार हातात मावत नाई. पाच धरजा." गुरुजींची नोकरी कायम झाली.

वार्षिक परीक्षेत गुरुजींनी मोठ्या हौसेने उदाहरणात लिहिलं, 'फाटकासाठी पाच हात जागा सोडली आहे.' पण शपथ म्हणजे शपथ. एकाही पोराने फाटक धरलं नाही. सगळ्यांचं उत्तर चुकलं.

पेपर तपासून गुरुजी लालबुंद होऊन वर्गात आले आणि त्यांनी पहिल्यांदाच छडी मागितली. ती तोडून आणायला मला पाठवलं. शाळेच्या कुंपणाला फाटक होतं म्हणून बरं. मी त्यातून गेले ती त्या दिवशी परत आलेच नाही.