पाचव्या गोधडीचं कापड

सोजरबाईचा उजवा डोळा गेला, तेव्हा तिनं ते कोणाला कळू दिलं नाही. डावा जायला लागला तेव्हाही नाही. इंझोरी गावात तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. अशा बाईला वाघाची भीती नसते, चोराची नसते. गावानं ‘बिचारी’ म्हणण्याची मात्र असते.

डोळा कसा जातो हे तिला उजव्यानं शिकवून ठेवलं होतं. आधी दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं, मग कडेकडेनं अंधार सरकत आला, आणि मग तो डोळा नावापुरताच उरला. डावा आता त्याच वाटेनं निघाला होता. परगावच्या वैद्याकडून गुपचूप आणलेलं अंजन झोंबलं फार, गुण काडीचा आला नाही. तेव्हा रडत बसण्यापेक्षा राहिलेल्या उजेडात काय उरकायचं, ते सोजरबाईनं ठरवलं.

तिला चार गोधड्या शिवायच्या होत्या. चार लेकी, चौघींना लग्नात शब्द दिलेला की पुढच्या हिवाळ्यात तुझी गोधडी. असे कितीतरी हिवाळे येऊन गेले. थोरली कस्तुरा धनजला दिलेली, तिची पोरगी आता लग्नाला आली होती. धाकटी रिठदला. साऱ्या गावाच्या बाळंतिणींना, नवऱ्या मुलींना सोजरबाईच्या हातची गोधडी मिळाली आणि स्वतःच्या लेकी सासरी घोंगड्या पांघरत राहिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आता तर दिवाच विझायला आला होता.

ही एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. होळी झाली, उन्हं तापली, आणि एका सकाळी सोजरबाईनं माजघरातली मोठी पेटी उपसली. तिची जुनी लुगडी, नवऱ्याची विरलेली धोतरं, लेकींचे परकर, नातवंडांच्या कुंच्या, सगळं जमिनीवर आलं. पेटीच्या तळाशी एक हिरवं नागपुरी लुगडं तेवढं तिनं तिथंच ठेवलं. ते घडीही न मोडलेलं होतं. कपाळावर कुंकू असताना जायचं आणि त्या लुगड्यात जायचं, हे तिनं कधीचं सांगून ठेवलं होतं. तसंही नवं कापड गोधडीच्या कामाचं नसतं. ते टोचतं, सुईला अडतं. अंगावर वापरून, धुऊन धुऊन, विरून मऊ झालं की मगच त्याची गोधडी होते.

कापडाचे चार ढीग झाले. पण मग तिनं जे केलं, त्यानं गावाच्या भुवया कपाळात गेल्या. तिनं चारही गोधड्या एकदमच अंथरल्या.

इंझोरीत एक नेम होता. घरात एका वेळी एकच गोधडी उघडी ठेवायची. शिवता शिवता कडेकडेनं आत यायचं, मधे चौकोन राहतो ते तिचं पोट. त्यात चिमूटभर ज्वारी नि हळद घालून ते मिटलं की गोधडी धाली, पोटभर जेवली. तोवर ती उपाशी. एका घरात दोन उपाशी पोटं असली तर ती घरातल्या माणसांना खातात. हा नेम गावातल्या प्रत्येक पोरीला शिकवणारी सोजरबाईच होती.

शेजारची रुपाबाई ताकाला म्हणून आली आणि भांडं विसरून उंबऱ्यातच उभी राहिली.

“सोजरबाई, तूच त म्हनत होती, दोन उपाशी पोटं एका घरात ठेवू नये म्हनून.”

“म्हनत होती. आता नाही म्हनत.”

नवरा इंद्रभान शांत माणूस. बायको बोलत असली की तो सुपारी कातरत बसे, त्यामुळे घरात सुपारी फार लागायची. पण माजघरातून दिव्याच्या देवळीपर्यंत जायला वाट उरली नाही तेव्हा त्यालाही राहवेना.

“सोजर, पाय ठेवाले जागा नाही. एक मिटव, मंग दुसरी काढ.”

“तुमी वावरात काय एकटी पऱ्हाटीच पेरता का? तिच्यात तूर घालता, जवारीचं तास घालता. मी कदी म्हनलं, एक निघू द्या मंग दुसरं पेरा?”

इंद्रभाननं अडकित्ता उचलला.

खरं कारण तिनं पोटात ठेवलं. रंग निवडायला डोळे लागतात. लालशेजारी काळं लावायचं की पिवळं, परकराची वेल कुठं वळवायची, किनार कोणत्या कडेला, हे हाताला कळत नाही. म्हणून आधी चौघींची ठिगळं निवडायची, कापायची, मांडायची, मोठमोठे टाके घालून जागच्या जागी बसवायची. मग उरतो तो धावदोरा, ओळीमागं ओळ. तो तिच्या बोटांना पाठ होता. डोळ्यांचं काम चौघींचं आधी, हाताचं काम मागून. एकेक करत बसली असती तर दोन झाल्या असत्या आणि दोन लेकी जन्मभर तोंड फिरवून बसल्या असत्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी ठिगळं बसवून झाली. तिनं चार वळकट्या केल्या. कस्तुराच्या वळकटीला सुतळी, दुसरीच्या काथ्या, तिसरीच्या चिंध्यांची वेणी आणि धाकटीच्या वळकटीला कवडी ओवलेला दोरा. लोकांना वाटलं, म्हातारीला हौस आली. तिनं अंधारात ओळखायच्या खुणा करून ठेवल्या होत्या.

एका माणसाला मात्र शंका आली. कारंज्याचा गुलाम नबी बाजाराच्या दिवशी सुया, दोरे, बांगड्या घेऊन बसे. सोजरबाई त्याची जुनी गिऱ्हाईक. ती नेहमी बारीकातली बारीक सुई घ्यायची. मागच्या साली तिनं मधली घेतली, आणि आता ती मोठ्या नेढ्याच्या सुया चाचपत होती.

“औंदा एवढी जाडी सुई, बाई?”

“कापड जाड हाय.”

जुन्या लुगड्याचं कापड जाड कसं होईल, हे गुलाम नबीनं विचारलं नाही. त्यानं चांगल्या चकचकीत सुया निवडून पुडी बांधली आणि ती नेहमीसारखी नुसती पुढं न करता थेट तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

घरात होती ती सून चतुरा. सोजरबाईच्या मुलाची, जानरावाची बायको. तिची माय ती रांगत असतानाच गेलेली. सावत्र आईच्या राज्यात सुई कोण हाती देणार? लग्नात ती रित्या हातानं आली आणि सोजरबाईनं ते तिला कधी विसरू दिलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात सुनेनं हौसेनं चार वाकड्यातिकड्या ओळी घातल्या तर सासू म्हणाली, “हा टाका हाय का बैलाचं मुत?” तेव्हापासून चतुरानं सासूच्या गोधडीला हात लावला नव्हता. ती घोंगडं पांघरायची आणि गप्प राहायची.

पाऊस लागला आणि सुईत दोरा जाईना. सोजरबाई नातवंडांना हाका मारायची, “ओवून दे रे, मले येळ नाही.” मग एका सकाळी ती खांबापाशी आली तर खांबाला बांधलेल्या चिंधीत सुया टोचून ठेवलेल्या, सगळ्या दोरा ओवलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिनं कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं.

कस्तुराची गोधडी झाली. दुसरीची झाली. पोळ्यापर्यंत डाव्या डोळ्यात दारातून येणारा उजेड तेवढा उरला, तरी तिसरीच्या ओळी पडतच होत्या. बोटानं मागची ओळ चाचपायची, तिच्याशेजारी बोटभर जागा सोडायची आणि सुई चालवायची. बोटांची सालटं निघाली, त्यावर हळद लावून ती पुन्हा बसायची. दुपारी घटकाभर डोळा लागायचा तेवढाच काय तो विसावा.

आणि एक दिवस तिसऱ्या गोधडीवरून हात फिरवता फिरवता ती थांबली. तिचा टाका तिळाएवढा. सारं आयुष्य तिळाएवढाच. बोटाखाली तीळ लागत होते, तीळ, तीळ, आणि मधेच एक ओळ ज्वारीच्या दाण्याएवढी लागली. पुढं आणखी एक. मग तीनचार. ती ओळन् ओळ चाचपत कडेपर्यंत गेली. मस्तक असं पेटलं की आवाज रस्त्यावर गेला.

“चतुरे! माह्या गोदडीले हात कोनी लावला?”

चतुरा कणकेच्या हातानं बाहेर आली. “मी लावला जी.”

“काहून?”

चतुराला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

“तुमी लाल ठिगयावरून दोनदा गेल्या, आत्याबाई. हिरवं तसंच राह्यलं. एक ओळ दुसरीवर चढली. तुमी निजल्या की मी तेवढं उसवतो अन् सरळ करतो. ननंदबाईले कळू नये म्हनून.”

“म्हंजे तुले ठावं होतं.”

“होळीच्या आदीपासून. तुमच्या डाळीत खडे यायले लागले तवापासून.”

सोजरबाई खाली बसली. होळीपासून ती या घरात डोळस असल्याचं सोंग करत होती, आणि जिला तिनं रोज टोचून खाल्लं ती पोरगी ते सोंग मागून सावरत होती. सुया ओवत होती, ओळी सरळ करत होती, डाळ पुन्हा निवडत होती. आणि गावात कोणापाशी एक शब्द काढला नव्हता. सोजरबाईला लाज वाटली. चांगलीच वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

तिनं ज्वारीएवढ्या त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“टाका लांब हाय,” ती म्हणाली.

“हाय जी.”

“पन सरळ हाय. हात धू अन् ये. तू त्या कडेनं धर, मी या कडेनं धरतो.”

चौथी गोधडी दोघींनी मिळून शिवली. सासू बोटानं, सून डोळ्यानं. सासू म्हणायची, “मुठीत नको धरू सुई, चिमटीत धर,” आणि सून म्हणायची, “डावीकडे सरका, ठिगय सुटून राह्यलं.” दोन्ही कडांनी आत येत येत दोघी मधल्या चौकोनाशी आल्या तेव्हा सोजरबाईनं ज्वारी आणि हळद चतुराच्या हातात दिली. चारही गोधड्यांची पोटं भरली. नेम मोडल्यानं घरात कोणाला कशानं खाल्लं नाही, आणि रुपाबाईची त्यामुळे थोडी निराशाच झाली.

भाऊबीजेला चारही लेकी आल्या. सुतळी, काथ्या, वेणी, कवडी. सोजरबाईनं एकही वळकटी न चुकता जिची तिला दिली. कस्तुरानं आपली गोधडी उलगडून आईपुढं धरली. “माय, हा माहा परकर हाय ना? पाह्य त.” सोजरबाई हसली, पण भलतीकडेच पाहून. कस्तुराला उमगलं आणि तिनं हंबरडाच फोडला.

“रडाचं असन त गोदडीत तोंड घालून रड,” सोजरबाई म्हणाली. “त्याच्यासाठीच शिवली.”

लेकी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई परसात आली ती हिरवं नागपुरी लुगडं नेसून. घडी मोडलेली, कासोटा घट्ट मारलेला. चतुराच्या हातातून खराटा पडला.

“आत्याबाई, हे तुमचं जायचं लुगडं हाय. चुकून नेसल्या तुमी.”

“चुकून नाही. हात लावून काढलं.”

“मंग कायले?”

“पेटीत आता जुनं कापड राह्यलं नाही. हेच एक हाय. अन् नवं कापड गोदडीत घालता येते का?”

चतुरानं पडलेला खराटा उचलला.

“दोन वर्सं रोज नेसीन तवा मऊ व्हईन,” सोजरबाई म्हणाली. “तुही गोदडी तुह्या मायनं शिवली असती त तिच्या लुगड्याची असती. आता माह्या लुगड्याची घे. तोवर मी काई मरत नाही. तू टाका बारीक कर.”

कुंपणापलीकडे रुपाबाई पाण्याला निघाली होती. तिनं ते जरीकाठी लुगडं शेणाच्या ढिगाशी पाहिलं आणि सोबतच्या बाईला म्हणाली, दबक्या आवाजात, पण आंधळ्या माणसाला ऐकू येईल इतपत, “बिचारीले काय नेसलं तेबी दिसत नाही वं आता.”

चतुरा ताडकन कुंपणाकडे निघाली. सोजरबाईनं चाचपून तिचा पदर पकडला.

“म्हनू दे तिले,” ती म्हणाली, आणि त्या लुगड्याला हात पुसून शेणाची पाटी उचलायला वाकली.